स्लो रिलीज इनहिबिटर टाकूनही वेलमध्ये स्केल परत येतंय? मग या क्रमाने बघा

माझं काम प्रॉडक्शन केमिस्ट्रीचं, जास्त करून गुजरातच्या जमिनीवरच्या वेल, म्हणजे तेलविहिरी, सकर रॉड पंपवाल्या (वरून रॉड खालीवर करून पंप चालतो त्या) आणि गॅस लिफ्टवाल्या (गॅस सोडून तेल वर उचलतात त्या). ही एकच तक्रार इतक्यांदा समोर आलीय की आता सगळं एका जागी लिहून ठेवतो. आपल्याकडची बरीच पोरं डिप्लोमा नाहीतर केमिस्ट्रीत बीएस्सी करून या लाईनीत येतात, कोणी मेहसाणा, कोणी अंकलेश्वर, कोणी बारमेर, कोणी थेट आखातात, आणि हा प्रश्न प्रत्येकाला लवकरच भेटतो. इंग्लिशमध्ये यावर ढीगभर पेपर आहेत पण साइटवर उभं राहून पहिलं काय बघायचं ते त्यात सापडत नाही.

प्रश्न असा. वेलमध्ये स्केल, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा कडक थर, बसलं, साफ केलं, परत बसू नये म्हणून हळूहळू सुटणारं केमिकल, म्हणजे स्लो रिलीज इनहिबिटर, घातलं. वर्षभर बघायला नको असं सांगितलेलं. चार-पाच महिन्यांत चोक (वेलच्या तोंडावरचा, प्रवाह आवळणारा भाग) उघडला तर पुन्हा पांढरा थर. मग एकजण म्हणतो माल खराब आला, दुसरा म्हणतो डोस डबल करा. मला या दोन्ही गोष्टी घाईच्या वाटतात. मी बघितलेल्या बहुतेक केसमध्ये माल ठीकच असतो, एकतर पाण्याचा हिशोब चुकलेला असतो, नाहीतर केमिकल जिथे पाहिजे तिथे पोचलेलंच नसतं, आणि काही वेळा तर बसतंय ते स्केलच नसतं.

स्लो रिलीज म्हणजे काय ते दोन ओळीत, म्हणजे पुढचं कळेल. पहिला प्रकार स्क्वीझ, यात इनहिबिटरचं सोल्युशन पंपाने उलटं फॉर्मेशनमध्ये, म्हणजे तेलाच्या खडकात, ढकलायचं, वेल काही तास, बहुतेक ६ ते २४, बंद ठेवायची, केमिकल खडकाला चिकटतं आणि मग वेल चालू केली की येणाऱ्या पाण्याबरोबर थोडं थोडं सुटत राहतं. दुसरा प्रकार कॅप्सूल किंवा घन माल, म्हणजे पॉलिमरच्या कवचात भरलेलं केमिकल, ते परफोरेशनच्या (पाइपला पाडलेली भोकं, जिथून तेल-पाणी वेलमध्ये येतं) खालच्या रॅट होलमध्ये, म्हणजे वेलच्या मोकळ्या तळात, टाकतात आणि तिथून झिरपतं. तिसरा, फ्रॅक करताना, म्हणजे प्रेशरने खडकाला भेगा पाडताना, वाळूसोबत इनहिबिटर मुरवलेले सच्छिद्र दाणे आत सोडायचे. तिन्हीत आतलं केमिकल साधारण एकाच घराण्यातलं असतं, फॉस्फोनेट नाहीतर पॉलिमर. आणि तिन्हीत तत्त्व एकच, पाण्यात काही पीपीएम इनहिबिटर कायम असलं की स्फटिक सुरुवातीलाच अडतो, मोठा होत नाही. या किमान लागणाऱ्या पीपीएमला सगळे एमआयसी म्हणतात, मीही तेच म्हणतो.

लक्षणं

हळूहळू लिक्विड कमी होतंय, वॉटर कट (त्यातला पाण्याचा वाटा) तेवढाच, ट्यूबिंग हेड प्रेशर (तेल वर आणणाऱ्या आतल्या पाइपच्या तोंडाचं प्रेशर) उतरतंय. रॉड पंपावर असाल तर रॉडचा लोड वाढतो, मोटर जास्त अँपिअर खाते, डायनामोमीटर कार्डचा (रॉडच्या लोडच्या आलेखाचा) आकार बिघडतो आणि एक दिवस प्लंजर अडकतो. ॲन्युलसमध्ये (ट्यूबिंग आणि बाहेरच्या पाइपमधल्या जागेत) फ्लुइड लेव्हल वर चढतेय पण प्रॉडक्शन घटतंय, म्हणजे फॉर्मेशन देतोय पण वर येत नाहीये, अडथळा पंपात नाहीतर ट्यूबिंगमध्ये आहे. उलट लेव्हलही खाली आणि प्रॉडक्शनही खाली असेल तर अडथळा परफोरेशनमध्ये किंवा त्याच्याही मागे असू शकतो, हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. वायरलाईनवर (तारेला बांधून) सोडलेलं मापाचं टूल, गेज कटर, एका ठराविक खोलीवर टेकतो. चोकच्या भोकात (बीनमध्ये) कडक पांढरी नाहीतर करडी रिंग. आणि एक लक्षण लॅबच्या कागदावर असतं पण कोणी बघत नाही, वर येणाऱ्या पाण्यातला कॅल्शियम आणि बायकार्बोनेट महिन्यामागून महिना कमी होत जातो. पाणी बदललं नसेल तर तो कॅल्शियम खाली कुठेतरी बसतोय.

एका रात्रीत प्रॉडक्शन पडलं तर मी आधी स्केलवर शंका घेत नाही, पंप, व्हॉल्व्ह, वाळू हे बघतो. पण असं होतच नाही असं नाही. उत्तर समुद्रातल्या मिलर फील्डची एक वेल रोजच्या ३०,००० बॅरलवरून २४ तासांत शून्यावर आलेली, ते स्केलच होतं.

पहिलं: बसलेलं नक्की काय आहे

याला काही खर्च नाही आणि तरी हेच वगळलं जातं. चोक किंवा पंप उघडला की तो थर फेकू नका, सुकवून पिशवीत ठेवा, वेल नंबर, खोली, तारीख लिहा.

मग तुकडा साध्या गोड्या पाण्यात टाका. विरघळला तर ते मीठ आहे, नेहमीचा फॉस्फोनेट त्यावर चालत नाही, गोड्या पाण्याची धुलाई लागते. नाही विरघळला तर दुसरा तुकडा कोमट डिझेलमध्ये नाहीतर झायलीनमध्ये, आग आणि गरम वस्तू लांब ठेवून. मऊ पडला, तपकिरी रंग सुटला तर ते पॅराफिन किंवा अस्फाल्टीन. हे खरंच वरचेवर होतं. गुजरातच्या बऱ्याच वेलना पॅराफिनचा त्रास जुना आहे, आणि बारमेरच्या मंगला फील्डचं क्रूड तर इतकं मेणाळ की गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत जाणारी पाइपलाइन गरम ठेवावी लागते. अशा वेलमध्ये जगातला सगळ्यात भारी स्केल इनहिबिटर घातला तरी मेणाला काहीही फरक पडणार नाही. कधी कधी दोन्ही एकत्र असतं, वरून मेण आत स्केल, म्हणून डिझेलने धुवून उरलेला भाग पण बघा.

आता उरलेल्यावर ॲसिडचा थेंब. पण त्याआधी थांबा. थर काळा असेल तर ॲसिड टाकायचं नाही. काळा म्हणजे आयर्न सल्फाइड असू शकतं आणि त्यावर ॲसिड पडलं की एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) हा विषारी गॅस सुटतो. सडक्या अंड्याचा वास येईल तेव्हा पळू असं मनात धरू नका, १०० पीपीएमच्या आसपास नाकाला वास येणंच बंद होतं आणि माणसाला वाटतं गॅस गेला. काळा माल थेट लॅबला. पांढरा-करडा असेल तर उघड्यावर, वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला उभं राहून, हातमोजे चष्मा घालून, डिटेक्टर चालू ठेवून, वाटाण्याएवढ्या तुकड्यावर पातळ एचसीएलचा (हायड्रोक्लोरिक ॲसिडचा) थेंब. जोरात फेस आला तर कॅल्शियम कार्बोनेट. काहीच झालं नाही, तुकडा हाताला जड लागतो, तर सल्फेट, आणि त्यात बेरियमची शंका. लोहचुंबकाला चिकटला तर गंजाचा भाग जास्त आहे, मग तुमचा प्रश्न स्केलचा कमी आणि कोरोजनचा जास्त.

हे का महत्त्वाचं, तर कार्बोनेट आणि सल्फेट बनायची कारणं वेगळी. कार्बोनेट प्रेशर पडलं की बसतं, कारण पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच वाढतो, शिवाय तापमान वाढलं तरी बसतं, म्हणून गरम होणाऱ्या सबमर्सिबल पंपावर ते आवडीने चढतं. बेरियम सल्फेट बहुतेक दोन न जुळणारी पाणी एकत्र आली की बनतं. एकदा बसलं की एचसीएल त्याला हलवत नाही, धातू पकडून विरघळवणारं किलेटिंग केमिकल नाहीतर मिलिंग, म्हणजे टूलने खरवडून काढणं, लागतं.

बेरियम निघालं तर इथे एक थांबा आहे. बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या स्केलमध्ये रेडियम सोबत येऊ शकतं. असा थर घासायचा नाही, सुका फोडायचा नाही, धूळ नाकात जाऊ द्यायची नाही. रेडिएशन मोजणारा सेफ्टीचा माणूस बोलवा, त्याने मोजल्यावरच ट्यूबिंगला हात लावा.

दुसरं: मागची सफाई पूर्ण झाली होती का

रजिस्टर काढा. स्केल काढल्यावर गेज कटर पूर्ण खोलीपर्यंत गेला होता का, की थोडं प्रॉडक्शन वाढलं म्हणून काम बंद केलं? इनहिबिटर नवीन स्फटिक अडवतो, जुना थर विरघळवत नाही. जुन्या खडबडीत थरावर नवीन फार लवकर पकडतं, शिवाय जुन्याच कपच्या सुटून चोकमध्ये अडकतात आणि आपल्याला वाटतं नवीन स्केल आलं.

तिसरं: दिवस मोजू नका, पाणी मोजा

सगळ्यात जास्त वेली मला इथे सापडल्यात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ट्रीटमेंटचं आयुष्य महिन्यांत सांगायची सवय आहे, पण केमिकल संपवतं ते पाणी. घरचा गॅस सिलिंडर किती दिवस जाईल हे तारखेवर नाही, रोज किती स्वयंपाक होतो त्यावर ठरतं, तसंच. हिशोब कागदावर करा, सोपा आहे. १ घनमीटर पाण्यात १ पीपीएम म्हणजे साधारण १ ग्रॅम. समजा वेल रोज ४० घनमीटर पाणी देते आणि एमआयसी ५ पीपीएम आहे, तर रोज २०० ग्रॅम ॲक्टिव्ह माल लागणार. तुम्ही १०० किलो कॅप्सूल टाकल्या आणि त्यात ॲक्टिव्ह २५ टक्के, म्हणजे २५ किलो. २५ किलोला २०० ग्रॅमने भागलं की १२५ दिवस. आणि हे एक ग्रॅमही वाया न जाता. आता मधल्या काळात वॉटर कट वाढला आणि पाणी ८० घनमीटरवर गेलं तर तोच माल ६२ दिवसांचा. कोणाची चूक नाही, माल अस्सल, तरी दोन महिन्यांत संपला.

त्यातून वाया जाणारा भाग वेगळाच. स्क्वीझनंतर वेल चालू केली की पहिल्या काही दिवसांत इनहिबिटर भरपूर वर येतं, शेकडो हजारो पीपीएम, ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त आणि ते गेलंच. त्यानंतर लांब शेपटी असते, ती हळूहळू एमआयसीकडे उतरते. खरं संरक्षण त्या शेपटीत. कॅप्सूलमध्ये पण सुरुवातीला जास्त सुटतं. आणि तापमान बघा, कॅप्सूल ज्या तापमानासाठी बनवलीय त्यापेक्षा वेलचं तळ गरम असेल तर झिरपणं भराभर होतं. साध्या पॉलिफॉस्फेटचा घन माल असेल तर जास्त गरम वेलमध्ये तो तुटून ऑर्थोफॉस्फेट होतो आणि मग कॅल्शियम फॉस्फेटचं स्वतःचंच स्केल तयार होऊ शकतं.

तर ट्रीटमेंटच्या तारखेपासून आजपर्यंत एकूण किती पाणी निघालं ते बेरीज करून काढा. वेल टेस्टचे आकडे महिन्याला एकदाच असले तरी चालतील. डिझाइनमध्ये जेवढं पाणी धरलं होतं तेवढं निघून गेलं असेल तर तुमचं निदान झालं, पुढची तपासणी करायची गरज नाही, पुढच्या ट्रीटमेंटचं डिझाइन आजच्या पाण्यावर करा.

चौथं: रेसिड्युअल सॅम्पल, पण नीट घेतलेलं

पाण्यात इनहिबिटर किती उरलंय हे मोजायला फार खर्च नाही, पण सॅम्पल चुकलं की पुढचं सगळं चुकतं. जीजीएसच्या (ग्रुप गॅदरिंग स्टेशनच्या) हेडरवरून घेतलेलं सॅम्पल कामाचं नाही, तिथे दहा वेलींचं पाणी एकत्र असतं. वेलहेडवरूनच घ्या, आधी सॅम्पल पॉइंट चांगला वाहू द्या, तेल वेगळं होऊ द्या, पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. एक बाटली तशीच, एक ॲसिड घालून धातूंसाठी. फिल्टर करायच्या आधी ॲसिड घातलं तर तरंगणारे स्केलचे कण विरघळतात आणि कॅल्शियम खोटा जास्त दिसतो. पीएच आणि बायकार्बोनेट साइटवरच लगेच मोजा, बाटली लॅबला पोचेपर्यंत गॅस निघून गेलेला असतो. बेरियमची शंका असेल तर लॅबला आधी सांगा, ते बाटलीत घालायला ईडीटीए देतात, नाहीतर बेरियम बाटलीतच खाली बसतं आणि रिपोर्ट म्हणतो बेरियम नाहीच.

आकडा आला की दोनच रस्ते. एमआयसीच्या खाली असेल तर माल संपला किंवा पाण्यापर्यंत पोचत नाहीये. एमआयसीच्या वर असेल आणि तरी थर बसतोय तर डोस वाढवून उपयोग नाही, जागेचा नाहीतर निवडीचा प्रश्न आहे. इथे एक फसवणूक होते. लॅब बहुतेक एकूण फॉस्फरस मोजते, आणि त्याच वेलमध्ये फॉस्फेट एस्टरवाला कोरोजन इनहिबिटर चालू असेल तर त्याचाही फॉस्फरस धरला जातो. कागदावर रेसिड्युअल झकास, प्रत्यक्षात स्केल इनहिबिटर शून्य. म्हणून वेलमध्ये अजून काय काय जातंय त्याची यादी सॅम्पलसोबत द्याच.

पाचवं: मधल्या काळात वेलमध्ये अजून काय गेलं

परत रजिस्टर. ट्रीटमेंटनंतर ॲसिड जॉब झाला का? ॲसिड खडकाला चिकटलेला फॉस्फोनेट सोडवून घेऊन जातं. वर्कओव्हरला, म्हणजे दुरुस्तीला, वेल जड द्रव भरून बंद पाडताना कॅल्शियम क्लोराइडची ब्राइन (खारं द्रावण) वापरली का? जास्त कॅल्शियम आणि जास्त फॉस्फोनेट भेटले की तिथल्या तिथे साका बनतो, आणि तो साका म्हणजे पुन्हा एक थरच. कोरोजन इनहिबिटरचा ब्रँड बदलला का? त्यातले बरेच धन भाराचे असतात, स्केल इनहिबिटर ऋण भाराचा, दोघं मिळून चिकट गोळा होतो. बदललेलं केमिकल आणि वेलचं पाणी एका काचेच्या बाटलीत घालून वेलच्या तापमानाला रात्रभर ठेवा, गढूळ झालं तर उत्तर मिळालं. ही बाटलीची टेस्ट खरेदीच्या आधी व्हायला हवी, ऑर्डर निघाल्यावर नाही.

सहावं: केमिकल आणि स्केल एका जागी आहेत का

इथून पुढे वायरलाईन लागते, म्हणजे पैसे. पण माल डबल टाकण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

कॅप्सूल रॅट होलमध्ये पडल्या म्हणतो, पण रॅट होल मोकळं होतं का? वाळू भरलेली असेल तर कॅप्सूल वाळूवर बसतात, परफोरेशनच्या समोर येतात, जोराच्या प्रवाहात भराभर झिजतात किंवा उचलून पंपापर्यंत जातात. नंतर वाळू आली तर कॅप्सूल गाडल्या जातात आणि झिरपणं जवळपास थांबतं. तळ किती खोलीवर टेकतोय ते वायरलाईनने बघा आणि टाकायच्या आधीच्या आकड्याशी जुळवा.

मग ती फ्लुइड लेव्हलची गोष्ट. लेव्हल खाली आणि प्रॉडक्शन खाली, म्हणजे स्केल परफोरेशनमध्ये किंवा खडकात जवळच बसत असेल तर रॅट होलमधली कॅप्सूल तिथे कधीच पोचणार नाही, कारण पाणी परफोरेशनमधून बाहेर आल्यावर तिला भेटतं. नुकसान त्याआधी झालेलं असतं. अशा वेलला स्क्वीझच लागतो, नाहीतर फ्रॅक करायचाच असेल तर मुरवलेले दाणे. याउलट थर फक्त वरच्या ट्यूबिंगमध्ये नाहीतर चोकमध्ये असेल तर स्क्वीझचा खर्च कशाला, तिथे कॅप्सूल किंवा ॲन्युलसमधून रोजचा डोस पुरतो. आणि परफोरेशनचे दोन-तीन वेगळे थर असतील तर स्क्वीझ बहुतेक सोप्या वाटेने एकाच थरात शिरतो, पाणी मात्र दुसऱ्यातून येत राहतं.

सातवं: पाणीच बदललंय का

शेवटचं आणि सगळ्यात अवघड. इंजेक्शनचं पाणी (तेल ढकलायला दुसऱ्या वेलमधून खडकात सोडलेलं) वेलपर्यंत पोचलं की एमआयसी बदलतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट लिटरला साधारण २,७०० मिलिग्रॅम असतं, आणि फॉर्मेशनच्या पाण्यात बेरियम असेल तर दोन्ही भेटतात तिथे स्केल. कालपर्यंत कार्बोनेटची असलेली वेल अशी सल्फेटची होते. १२ महिन्यांचे वॉटर ॲनालिसिस एका खाली एक लावा, सल्फेट, बेरियम, क्लोराइड बघा. तिन्ही एकाच काळात बदलताना दिसले तर जुना एमआयसी विसरा.

यापुढे साइटवरच्या माणसाने थांबायचं. नवीन एमआयसी लॅबमध्ये वेलच्या तापमान-प्रेशरला काढावा लागतो, स्क्वीझ असेल तर कोअरवर (खडकाच्या नमुन्यावर) तपासावा लागतो. चुनखडकात फॉस्फोनेट वेगळा वागतो, वाळूखडकात वेगळा, त्यामुळे मुंबई हायच्या एल-३ चुनखडकात चाललेलं डिझाइन गुजरातच्या वाळूखडकात तसंच उचलून चालत नाही. कमी वॉटर कटच्या वेलमध्ये पाण्यातला स्क्वीझ मारला तर तेलाचीच वाट अडू शकते. आणि फ्रॅक्चर प्रेशरच्या वर पंप केलं तर खडकाला भेग पडते, सगळं केमिकल त्या एका भेगेत जातं. म्हणून स्क्वीझ, वेलमधला ॲसिड जॉब, मिलिंग, अडकलेलं वायरलाईन टूल, या चार गोष्टींना सर्व्हिस क्रू आणि पेट्रोलियम इंजिनिअरशिवाय हात लावायचा नाही, प्रॉडक्शन कितीही पडलेलं असलं तरी. स्केलच्या गाठीमागे प्रेशर कोंडलेलं असू शकतं, वर गेजवर शून्य दिसत असलं तरी.

त्यांना बोलावताना हातात या गोष्टी तयार ठेवा, निम्मा वेळ वाचतो: थराचा सुका तुकडा खोलीसकट, १२ महिन्यांचे वॉटर ॲनालिसिस, ट्रीटमेंटनंतर निघालेलं एकूण पाणी, वेलहेडचं रेसिड्युअल, वेलमध्ये जाणाऱ्या सगळ्या केमिकलची नावं, तळाचं तापमान, आणि वायरलाईन कुठे टेकली तो आकडा. यातलं एखादं नसेल तर त्यांच्याशी बोलतानाच तसं सांगा, अंदाजाने आकडा भरू नका, कारण डिझाइन त्याच आकड्यावर उभं राहणार असतं.